खाडीपलीकडचं आजोळ

माझ्या आजोबांना कुणी गाव विचारलं की ते आधी 'धारावी बेट' म्हणायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढे माहीम-शीवची धारावी उभी राहायच्या आत पुढे जोडायचे, "गोराई. बोरिवलीच्या खाडीपल्याड." आईच्या पिढीला नुसतं 'गोराई' पुरायचं. माझ्या मामेभावंडांना मात्र 1989 नंतर तेवढंही सांगू दिलं गेलं नाही. गोराई म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, "म्हणजे एस्सेल वर्ल्ड ना?" आणि ही पोरं मान डोलावणार. तीन पिढ्यांत गावाची ओळख बेटावरून तिकीटखिडकीवर आली. ही घसरण मी आजोळच्या ओटीवर बसून पाहिली आहे आणि त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे.

बोरिवलीच्या बाजूला गोराईची खाडी, मालाडच्या बाजूला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. या पाण्यांच्या मधे गोराई, मनोरी, कुळवेम, उत्तन, डोंगरी, चौक ही गावं वसली आहेत. त्यातली गोराई-मनोरी मुंबई महापालिकेत, तर उत्तन-डोंगरी-चौक मीरा-भाईंदरमध्ये. हद्दी कागदावर, लग्नं, उसनवारी आणि भांडणं मात्र साऱ्या बेटाची एकत्र. खाडीवर पूल नाही. बोरिवलीहून बोटीने काही मिनिटांत पोचता येतं. गाडीने जायचं तर भाईंदरपर्यंत वर जाऊन उत्तनवरून खाली यावं लागतं.

या बेटाचा इतिहास मला पुस्तकांआधी दोन म्हाताऱ्यांकडून कळला. एक माझी आजी, दुसरी शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरातली आजी. तिला आम्ही मोठी आई म्हणायचो. दोघींच्या ओट्या समोरासमोर होत्या. सन 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने आधी धारावीचा किल्ला घेतला आणि मग मे महिन्यात वसई घेतली. आजी हे असं सांगायची, जणू आप्पा तिच्या दारावरून गेले होते. "आपलं बेट हाती आलं म्हणून वसई पडली," हा तिचा ठाम निष्कर्ष. मोठी आई तीच लढाई दुसऱ्या टोकाकडून सांगायची. तिच्या गोष्टीत तोफा नव्हत्या, चर्चच्या घंटा होत्या. घंटा उतरवल्या, बैलगाड्यांत घातल्या, घाट चढवून नेल्या. हे सांगताना तिचा आवाज खाली जायचा. वसईच्या मोहिमेतल्या घंटा आजही भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीत टांगलेल्या आहेत. मेणवलीची घंटा मी पाहिली तेव्हा पहिल्यांदा मोठी आईच आठवली.

दोघी कधी एकमेकींची गोष्ट खोडायच्या नाहीत. एकीचं संपलं की दुसरी सुरू करायची. नाताळात मोठी आईच्या घरून फुगे यायचे, दिवाळीत आमच्याकडून करंज्या जायच्या. जिंकलेल्यांची आणि हरलेल्यांची आठवण एकाच गल्लीत अडीचशे वर्षं शेजारधर्माने नांदली. मला वाटतं, गावावरचा जीव म्हणजे आधी हेच असतं. आपल्या गोष्टीला उत्तर देणारी दुसरी गोष्ट समोरच्या ओटीवर हवी. समोरचं घर रिकामं झालं, तिथे शनिवार-रविवारचे पाहुणे उतरू लागले, की आपली गोष्टही अर्धी राहते. मोठी आईची नातवंडं वसई आणि ऑस्ट्रेलियात पांगली. त्या घराला आता बाहेरून रंग आहे, गॅलरीत दिव्यांच्या माळा आहेत आणि 1739 बद्दल बोलणारं तिथे कुणी नाही.

आजोबा भंडारी. ताडामाडाचा धंदा त्यांच्या आज्यापणज्यापासूनचा. कमरेला आऊत, म्हणजे ताडीची सुरी, लावून ते पहाटे माडावर चढायचे, पोय छेदायचे आणि मडकं बांधून उतरायचे. ते चढताना मी खाली उभी राहून त्यांचे तळवे पाहायचे. टाचांना खवल्यांसारखी कातडी आली होती आणि अंगठा इतरांच्या अंगठ्यापेक्षा कितीतरी लांब फाकलेला. प्रत्येक माडाची तऱ्हा त्यांना ठाऊक होती: कुठला वाऱ्यात वाकतो, कुठला उन्हाळ्यात आटतो, कुठल्यावर चढताना उजवीकडून जायचं. इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने ताडीवर कराचा फास आवळला, झाडं मोजली, परवाने आणले. त्या काळचे हाल आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकले होते. पुढे स्वराज्य आलं आणि मुंबई सरकारचा 1949 चा दारूबंदी कायदाही आला. उरलासुरला धंदा बसला. आजोबांनी आऊत आढ्याला खोचलं आणि वाडीत रहाट बसवला. वांगी, मुळा, भेंडी पिकवून आजी पाटी डोक्यावर घेऊन खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजारात बसायची.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कर लादला गेला, धंदा बुडाला, 1957 मध्ये मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि ठाणे जिल्ह्यातलं खेडं एका रात्रीत महानगरात गेलं. एवढं होऊनही आजोबांचा गावावरचा जीव तसूभर हलला नाही. कारण हात त्याच मातीत होते. माड सुटले तर वाडी होती, वाडी कमी पडली तर खाडीत खेकडे होते. काम बदललं, पण कामाची जागा तीच राहिली.

मग पाहुणे आले. आधी थोडे, रविवारचे, मनोरी-गोराईच्या किनाऱ्यावर डबे घेऊन येणारे. त्यांच्याशी गावाचं बरं जमायचं. पुढे सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने खाडीकाठची मोठी जमीन घेऊन 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड उघडलं, 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. दूरदर्शनवरच्या जाहिरातीने देशभरच्या पोरांना गोराईच्या पाळण्यांचं वेड लावलं. पार्कच्या बोटी गोराई आणि मार्वेच्या धक्क्यांवरून निघून थेट पार्कच्या धक्क्याला लागायच्या, म्हणजे देशभरातून आलेल्या माणसाच्या वाटेत गोराई गाव येतच नव्हतं. तो गोराईला येऊन गोराई न बघता जायचा.

पार्कने गावाला काही दिलंच नाही असं मी म्हणणार नाही. बोटीवर, दारावर, उपाहारगृहात गावातल्या पोरांना कामं मिळाली. किनाऱ्यावर नारळपाणी विकलं गेलं, घोडागाड्या धावल्या, खोल्या भाड्याने गेल्या. त्या पैशांवर मुलं शिकली. माझे दोन्ही मामेभाऊ त्याच पैशांमुळे गावात राहू शकले, नाहीतर ते विरार-नालासोपाऱ्याला गेले असते. पर्यटनावर सरसकट आग पाखडणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा. घर चालेल तेव्हाच घरावर जीव राहतो.

पण आता विहिरीची गोष्ट सांगते.

मामाच्या वाडीत बाव होती, रहाटाची. किनाऱ्यावर भिजून, वाळूने माखून आलेल्या पाहुण्यांना गोड्या पाण्याची आंघोळ हवी असते. मामाने नारळाच्या झापांचे आडोसे उभारले, बावीवर विजेची मोटर बसवली आणि बालदीमागे पैसे घ्यायला सुरुवात केली. गावात पुष्कळांनी हेच केलं. मे महिन्यातल्या रविवारी मोटर सकाळी सुरू झाली की अंधार पडेपर्यंत थांबायची नाही. किनाऱ्यावरच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. रहाट सावकाश उपसतो आणि रात्रभरात बाव भरून येते. मोटर तासाभरात पातळी खाली ओढते आणि खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा चढलं की दोन-चार चांगल्या पावसाळ्यांशिवाय ते मागे हटत नाही.

ईस्ट इंडियनांच्या लग्नात 'उंबराचं पाणी' असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून, नाचत-गात विहिरीवर जातात आणि घागरी भरून आणतात. मोठी आईच्या घरची सगळी लग्नं मामाच्या बावीवरच्या पाण्याने झालेली. धाकट्या नातीच्या लग्नात वरात बावीपाशी आली. बँड वाजत होता, बायकांनी लाल लुगडी नेसली होती, एकीने घागर सोडून वर ओढली आणि सवयीने ओंजळ तोंडाला लावली. तिने पाणी थुंकलं नाही, गिळलं, आणि शेजारणीकडे पाहिलं. पाणी मचूळ झालं होतं. विधी पार पडला, कुणी काही बोललं नाही. मोठी आईने मामाला फक्त एवढं विचारलं, "आता आमी पानी कुटून आनायचं रं?"

मामाने पुढच्या उन्हाळ्यात आडोसे काढून टाकले. पण एका बावीवरची मोटर थांबवून भागत नाही. शेजारच्या दहा चालू असल्या तर जमिनीखालचं पाणी एकच असतं. माझ्या मते गावाला लागलेली खरी झळ हीच. परक्या माणसांनी गाव बिघडवलं, असं सांगणं सोपं आहे. इथे गावातल्याच माणसाला स्वतःची विहीर तासावर विकावी लागली आणि विकताना ती शेजाऱ्याचीही आहे, हे त्याला विसरावं लागलं.

गर्दीने गाव तुटतं का? मला तसं वाटत नाही आणि याचं उत्तर जवळच आहे. मढजवळ एरंगळला समुद्राकाठी संत बोनाव्हेंचरचं चर्च आहे, 1575 मधलं. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. आमच्या आजीच्या लहानपणी लोक होड्यांनी आणि बैलगाड्यांनी जायचे, वाळूत राहुट्या ठोकायचे, चुली पेटवायचे. ख्रिश्चन जायचे, कोळी जायचे, आम्ही भंडारीही जायचो. आजही हजारोंनी माणसं येतात. एरंगळ छोटंसं गाव, पण त्या दिवशी ते आकसत नाही, रुंदावतं. कारण येणारा कुणाचा तरी कुणीतरी असतो. नवस फेडायला, सोयरीक जमवायला, मामाकडे जेवायला आलेला असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणार असतो. तशीच आजी महाशिवरात्रीला खाडी ओलांडून बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीला जायची. लेण्यांतल्या बौद्ध भिक्षूंची तिला माहिती नव्हती, तिच्यासाठी तो देवाचा डोंगर होता. वाटेत पाड्यावरच्या वारली बाईकडे ती पाणी प्यायची आणि सुके बोंबील देऊन यायची. महाशिवरात्रीला बेस्ट आजही कान्हेरीसाठी जादा बस सोडते. पण पाड्यावर थांबून पाणी मागणारे आता कमी. त्या पाड्यांना राष्ट्रीय उद्यानाबाहेर हलवण्याचा प्रश्न हायकोर्टाच्या 1997 च्या आदेशापासून रेंगाळला आहे. शहराला जंगल हवं आहे, जंगलातली माणसं नकोत. सकाळी चालायला जाणाऱ्या बोरिवलीकरांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीच, यावर कधीतरी थांबून विचार करावा.

गोराईच्या वाट्याला हलवलं जाण्याची ही वेळ 2006 च्या सुमारास आली. विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा, कायदा नुकताच झाला होता आणि गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात पर्यटन आणि करमणुकीचं क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. सुमारे 5,740 हेक्टर! त्या आकड्यात गावठाणं होती, कोळीवाडे होते, शेतं, चर्चं, देवळं आणि बोंबील वाळवायच्या वलांड्यांची मैदानंही होती. धारावी बेट बचाव समिती उभी राहिली. एरवी मासेमारीच्या हद्दीवरून भांडणारी गावं एका मांडवाखाली आली. चर्चमध्ये रविवारच्या मिसानंतर सभा, देवळात आरतीनंतर सभा. माझ्या मामीने आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, ती उत्तनच्या एका सभेत उभी राहून बोलली. तिने जमिनीचा भाव सांगितला नाही. आपल्या वाडीच्या चारी बाजूंना कुणाकुणाची वाडी आहे ती नावं एकामागोमाग म्हटली आणि खाली बसली. पलीकडे रायगडात 22 गावांनी सप्टेंबर 2008 मध्ये आपल्या सेझवर मतदान केलं. आमच्याकडे मतदानाची पाळी आली नाही, पण तो सेझ उभाही राहिला नाही.

त्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट घडली. 'आम्ही धारावी बेटाची माणसं' असं तरुण पोरं म्हणू लागली. आजोबांच्या तोंडी असलेलं, मधल्या पिढीने टाकून दिलेलं नाव फलकांवर परत आलं. पुढे मनोरीत ईस्ट इंडियनांनी आपल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं: पितळी भांडी, जातं, लुगडी, दागिने. गाव जाणार हे दिसल्यावर गाव हवं असल्याचं लोकांना मोठ्याने सांगता आलं. पर्यटनाने गावावरची माया कमी होते की वाढते, याचं सरळ उत्तर म्हणूनच देता येत नाही. मायेची जागा बदलते. आजोबांची माया माडावर आणि रहाटावर होती, तिला बोलावं लागत नव्हतं. मामेभावांची माया सातबाऱ्यावर, मोर्चावर आणि नावावर आहे. तिला सारखं बोलावं लागतं, कारण तिला रोज धोका दिसतो.

डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने 1975 मध्ये पर्यटनस्थळांतल्या रहिवाशांच्या मनाच्या चार पायऱ्या मांडल्या: आधी उत्साह, मग उदासीनता, मग चीड आणि शेवटी वैर. व्हेनिसने 2024 पासून ठरावीक दिवशी येणाऱ्या एकदिवसीय प्रवाशांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या नागरिकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. म्हणजे ती शहरं चौथ्या पायरीशी आली. पण आमच्या गोराईला ही शिडी नीट बसत नाही. एकाच घरात मामा चिडलेला, मोठा मामेभाऊ खोल्या भाड्याने देणारा, धाकटा मोर्चात जाणारा आणि त्याची बायको 31 डिसेंबरच्या गोंगाटाला कंटाळून बोरिवलीत फ्लॅट शोधणारी. चारही पायऱ्या एका ताटाभोवती जेवायला बसतात. गावाचं एक मन नसतं. ते असतं असं धरून चालणारे आराखडे म्हणूनच फसतात.

आलेला पाहुणा कोण आहे, याने फार फरक पडतो. गोराईतल्या ग्लोबल विपश्यना पगोडाचं लोकार्पण 8 फेब्रुवारी 2009 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. खांबांचा आधार नसलेला तो प्रचंड घुमट, आत एका वेळी 8,000 माणसं ध्यानाला बसतील एवढी जागा. तो सोनेरी कळस आता बोटीतून गावाच्या आधी दिसतो. आजीला तो आवडायचा. "बसून गप राहायला एवढ्या लांबून येतात," असं ती आदराने म्हणायची. पण पगोड्याला येणारा बहुतेक माणूसही गावात पाय टाकत नाही. आणि करोनाच्या वर्षी एस्सेल वर्ल्डचे पाळणे थांबले, ते पुन्हा पूर्वीसारखे फिरलेच नाहीत. तिथे काम करणारी गावातली माणसं घरी बसली. त्या वेळी त्यांना सावरलं ते खाडीतल्या खेकड्यांनी, वलांडीवरच्या बोंबलांनी आणि वाडीतल्या मुळ्या-भेंडीने. ज्यांनी वाडी विकली होती, त्यांना सावरायला काही उरलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, यजमानपण गावाकडे राहिलं तरच गावावरचा जीव टिकतो. रत्नागिरीत वेळासला हे घडलं आहे. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांची अंडी जपली, 2006 पासून कासव महोत्सव भरवला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, त्यांच्याच पंगतीत जेवतात. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहेच. गोराई-मनोरीत ती रिसॉर्टवाल्यांच्या आधी कोळणींच्या, ईस्ट इंडियन आणि भंडारी घरांच्या दारात का पोचू नये? मोठी आईसारख्या बाईच्या ओटीवर बसून हांडब्रेड आणि बाटली मसाल्याचं कालवण खाताना घंटांची गोष्ट ऐकायला मिळाली, तर तो पाहुणा गोराई बघून गेला असं म्हणता येईल.

वाचकांना माझी विनंती आहे: गोराईला जरूर जा, पण गावच्या बोटीने जा, किनाऱ्याआधी गावात शिरा, सुकी मासळी तिथल्या बाईकडून घ्या आणि गोड्या पाण्याची बालदी मागताना ते कुठल्या विहिरीचं आहे ते विचारा. आणि सरकारकडे एकच मागणं. खाडीवरच्या पुलाच्या, किनारी रस्त्याच्या, पर्यटन क्षेत्राच्या घोषणा अधूनमधून होत राहतात. त्यांपैकी कशाचीही कुदळ पडण्याआधी या बेटावरच्या प्रत्येक गावठाणाची आणि कोळीवाड्याची हद्द मोजा, वलांड्यांच्या आणि जाळी विणायच्या जागांसकट ती नकाशावर चढवा आणि शिक्का मारलेला तो नकाशा गावकऱ्यांच्या हाती द्या.